गादी खाली अंथरली तेव्हा

प्रशिक्षणाच्या वर्गात आम्हाला शिकवायला एक प्लास्टिकची बाई होती. तिला कुशीवर वळवा, तिचं डायपर बदला, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधा, ती हूं की चूं करायची नाही. तिच्या जिवावर मी चांगल्या मार्कांनी पास झाले आणि नंदुरबारच्या त्या शुश्रूषा केंद्रात नोकरीला लागले, तेव्हा मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. पहिल्याच सकाळी वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मी ओरडले, ते हसले, आणि त्यांच्या तोंडात दात किती चांगले शिल्लक आहेत हे मला कळलं.

मी तापट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. आमचं गाव विसरवाडीच्या हायवेपासून आत, डोंगराच्या अंगाला. घरी आम्ही कोकणी बोलतो. कोकणी म्हटलं की लोक मला लगेच समुद्राचं विचारतात. आमची कोकणी डोंगरातली, तिनं समुद्र पाहिलेला नाही आणि मीही नाही. मराठी आश्रमशाळेत शिकले, अहिराणी बाजारात आणि एसटीत. घरचे ऊसतोडीला गुजरातेत जायचे तेव्हा धाकट्या भावंडांना मीच बघायची, त्यामुळे माणसांवर डाफरायची सवय लहानपणापासूनची. आई म्हणायची, हिला माणसांच्या जवळचं काम देऊ नका. आणि मी नेमकं तेच धरलं.

केंद्र धुळे रस्त्याच्या बाजूला होतं. खाली बायका, वर पुरुष. लकवा मारलेले, खुब्याचं हाड मोडून पडलेले, सगळं विसरून गेलेले. बहुतेकांची मुलं सुरत, पुणे किंवा त्याहून लांब. इथं आलेलं माणूस बरं होऊन घरी जाईल असं कोणी म्हणत नसे. त्याला बरं वाटावं, एवढंच काम. माझ्या हुद्द्याचं नाव नर्सिंग असिस्टंट. पण गरज असली की सगळे मला ‘सिस्टर’ म्हणत आणि रागावले की ‘ए बाई’.

खऱ्या सिस्टर वेगळ्या होत्या. नाशिककडच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात मला एकच गोष्ट परत परत शिकवली, की पेशंटकडे आधी पायाकडून बघायचं. झोपून राहिलेल्या माणसाची जखम टाचेवर सुरू होते. टाच लाल झाली की समजायचं, या माणसाला कोणीतरी विसरलंय. तेव्हापासून मला सवयच लागली. बसमध्येसुद्धा मी आधी लोकांच्या टाचा बघते.

कोपऱ्यातल्या खोलीत दोन खाटा होत्या. एका खाटेवर शेठाणी. त्यांच्या माणसांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं, मूळचे राजस्थानचे. खुब्याच्या दुखण्यानं त्या उठू शकत नव्हत्या, पण जीभ अगदी ठणठणीत. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नसत आणि त्याआधी मात्र दर थोड्या वेळानं काहीतरी मागत. दूध कोमट हवं, फार कोमट नको. उशी उंच करा, एवढी उंच नको. माझं आणि त्यांचं रोज वाजायचं. मी सुटीवर गेले की त्या जेवत नाहीत हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या खाटेवर ब्राह्मणपुरीची आजी.

शहादा तालुक्यातल्या त्या गावात तिचं सगळं आयुष्य शेतात गेलं होतं. लकव्यानं उजवी बाजू गेली, बोलणंही अर्धं गेलं. नवरा केव्हाच वारला होता. एकुलता मुलगा सुरतेला, कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यानं खर्चात हात आखडला नव्हता, पण यायला त्याला फारसं जमत नसे. मी पहिल्या दिवशी तिला म्हणाले, “आजी, तुम्ही तोंड उघडा.” तिनं मान वळवून मागे बघितलं, अजून कोण उभं आहे ते. तिला आयुष्यात कोणी ‘तुम्ही’ म्हटलंच नसावं. मग मी म्हणाले, “आजी, तोंड उघड,” आणि तिनं लगेच उघडलं. त्या क्षणापासून ती मला माझी वाटायला लागली. का, ते सांगता येणार नाही.

तिला साधं पाणी द्यायचं नव्हतं. लकव्यानंतर तिचा घसा नीट काम करत नसे. पातळ काही दिलं की ते श्वासनळीत जाई आणि ती निळी पडेपर्यंत खोकत राही. म्हणून सगळं घट्ट करून, हनुवटी खाली घेऊन, चमच्या-चमच्यानं. पाण्यातसुद्धा घट्ट होण्याची पावडर घालायची. ज्वारीची पेज तिला आवडायची. पेज संपली की डाव्या हातानं, चांगल्या हातानं, माझ्या गालाला चिमटा काढायची.

पण रात्री ती खाटेवर राहत नव्हती. खाटेला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे होते, पडू नये म्हणून. आजी डावा पाय त्या कठड्यावर टाकायची, डाव्या हातानं गज धरायची आणि अर्ध्या अंगानं स्वतःला ओढत बाहेर काढायची. एकदा पडली, काही लागलं नाही. दुसऱ्यांदा पडली तेव्हा भुवईवर खोक पडली, टाके घालावे लागले. मी तिला रागावले. म्हटलं, कुठं जायचं असतं तुला? ती फरशीकडे बोट दाखवून म्हणाली, “खाले जपू दे, पोरी.” जपणं म्हणजे झोपणं. जन्मभर ती घरात गोधडी टाकून खालीच झोपली होती. त्या उंच खाटेवर तिला भीती वाटायची.

डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा पडली तर हाड मोडेल, मग ती उठायची नाही. रात्री तिचा हात कठड्याला बांधा, मऊ पट्टीनं, काचणार नाही असा. मुलाला फोन केला. तो म्हणाला, काय लागेल ते करा, पण तिला पडू देऊ नका. त्याचंही चूक नव्हतं. सुरतेत बसून माणूस आणखी काय सांगणार.

मला चावलेले आजोबा आठवतात ना, त्यांचा हात नंतर बांधायला लागले होते. सुरुवातीला ते शिव्या द्यायचे, पट्टी ओढायचे. मग शिव्या बंद झाल्या. मग पट्टी सोडली तरी हात तिथंच ठेवून पडून राहायचे. मग त्यांनी चावायचंही सोडलं, आणि जेवायचंही. मला आजीची तशी गत होऊ द्यायची नव्हती. मला तेवढंच दिसत होतं.

दिवेलागणीला सिस्टरांनी माझ्या हातात पट्टीचा रोल दिला, गाठ कशी मारायची ते दाखवलं आणि त्यांची ड्युटी संपली म्हणून त्या घरी गेल्या. मी आजीजवळ बसले. तिचा डावा हात हातात घेतला आणि मनगटाला पट्टीचा पहिला वेढा घातला.

आजीनं हात ओढून घेतला नाही. उलट पुढे केला. पाची बोटं जवळ आणून, अंगठा आत घालून, हात लहान केला. माझ्याकडे बघून लाजल्यासारखी हसली आणि म्हणाली, “हिरव्या भर व.”

तिला वाटलं होतं मी कासारीण आहे आणि तिला बांगड्या भरतेय.

मी पट्टी सोडली. रोल खिडकीतून बाहेर फेकून द्यावासा वाटला, पण तो केंद्राचा होता, म्हणून कपाटात ठेवला. मग कठडा खाली पाडला, आजीला चादरीसकट खाटेच्या कडेला ओढलं, पहारेकरी काकांना हाक मारली आणि दोघांनी मिळून तिला खुर्चीत बसवलं. खाटेवरची गादी ओढून फरशीवर टाकली. खाली सतरंजी, वर स्वच्छ चादर, डोक्याशी उशी, भिंतीच्या बाजूनं दुसरी उशी. आजीला त्यावर निजवलं. तिनं डाव्या हातानं गादीच्या कडेपलीकडची फरशी चाचपून बघितली, जवळच आहे याची खात्री केली आणि डोळे मिटले. थोड्या वेळात ती घोरायला लागली. तिचं घोरणं मी त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी शेठाणींना सांगायला वळले, तर त्या डोळे विस्फारून आजीकडे बघत होत्या. त्यांनी उशीखालून जपमाळ काढली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, त्यांना घोरण्याचा त्रास होतोय.

सकाळी शेठाणींनी दूध घेतलं नाही. कोमट आहे, फार कोमट नाही, सगळं सांगून झालं. त्या म्हणाल्या, “नहीं बेटा. पहले इनका हो जाने दो.” मी म्हटलं, आजीचं होईल हो, तुम्ही घ्या. त्यांनी मान हलवली आणि माळ ओढत राहिल्या. मला राग आला. म्हटलं, उपाशी राहायचं तर राहा. आणि टॉवेल आणायला मागच्या अंगणात गेले.

परत आले तर आजीच्या उशाशी एक बाई बसलेली. ती आजीची चुलत सून, ब्राह्मणपुरीची. काही कामानं नंदुरबारला आली होती आणि जाता जाता म्हातारीला बघून जावं म्हणून डोकावली होती. तिच्या एका हातात वाटी, वाटीत पाणी, पाण्यात तुळशीचं पान. दुसऱ्या हातात चमचा, आणि तो चमचा आजीच्या ओठांपर्यंत पोचला होता.

मी टॉवेल टाकले आणि तिचा हात धरला. पाणी चादरीवर सांडलं. मी ओरडले, “पाणी कोणी द्यायला सांगितलं? गुदमरून जाईल ती.”

ती बाई माझ्यावर दुप्पट ओरडली. “मरनार मानुसना तोंडमा पानी बी टाकू देत नही का व?”

“कोण मरणार?”

“मंग तिले खाले काबर लिधं?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग शेठाणींकडे बघितलं. शेठाणींनी माळेवरचा हात न थांबवता मान डोलावली.

तेव्हा कुठं मला कळलं. इकडे सपाटीच्या गावांत माणूस जायला टेकलं की त्याला खाटेवरून खाली घेतात. खाटेवर प्राण जाऊ देत नाहीत. भुई सारवतात, त्यावर निजवतात, तोंडात तुळशीचं पाणी घालतात. खाली घेतलं म्हणजे संपलं, मग रडायला सुरुवात करायची. शाळकरी पोरांनाही ते माहीत असतं. मला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरी खाट एकच, तीही अंगणात, पाहुण्यांसाठी आणि मिरच्या वाळवायला. आमच्यात जन्मापासून शेवटापर्यंत माणूस खालीच असतं. त्याला आणखी खाली कुठं घेणार.

मी चुलत सुनेला म्हटलं, अहो, ती झोपलीय नुसती. बघा. आजीनं तेवढ्यात डोळे उघडले आणि तोंडही उघडलं, पेजेसाठी. चुलत सून आधी मागे सरकली. मग तिच्या चेहऱ्यावर वेगळीच भीती आली. तिनं दारातून आजीला खाली बघितल्या बघितल्या, माझ्याशी एक शब्द बोलण्याआधी, सुरतेला फोन केला होता. आणि गावाला.

“आता परत फोन करा,” मी म्हटलं. तिनं केला. मुलगा गाडीत बसून निघालाही होता. गडबडीत तिच्या तोंडून निघालं, “डोकरी आजून जित्ती शे, भो.” अजून जिवंत आहे म्हटल्यावर त्यानं ड्रायव्हरला आणखी जोरात हाण म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. नंतर कितीदा लावला तरी तो उचलेना. गावाकडचा टेम्पोही निघाला होता.

सिस्टर आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा आवाज चढत नसे, त्या दिवशी चढला. हात बांधायला सांगितलं होतं, गादी उचलायला नाही. अशक्त माणसाला असं उतरवताना हातून निसटलं असतं तर? फरशी गार आहे, छातीत कफ झाला तर? खाली वाकून वाकून तुझी कंबर गेली तर हिला कोण बघणार? त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मी म्हटलं, “हात बांधला असता तर ती आजोबांसारखी झाली असती.” त्यांनी वाकून आजीच्या टाचा बघितल्या. मग म्हणाल्या, “मुलगा येतोय. तो ठरवेल. त्यानं खाट म्हटलं तर खाट, आणि खाट म्हटलं तर पट्टीही.” मी आजीची पेज आणायला गेले. नोकरी जाईल याचं मला फार वाटत नव्हतं. पट्टीचं वाटत होतं.

टेम्पो आधी आला. पुरुष फाटकापाशी उतरून टोप्या सारख्या करत उभे राहिले. एकाच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कोरं कापड होतं. ते कशासाठी, हे सगळ्यांना कळत होतं. बायकांनी फाटकापासूनच पदर तोंडाला लावून गळा काढला आणि तशाच रडत रडत खोलीच्या दारापर्यंत आल्या. आत मी फरशीवर मांडी घालून बसलेले, आजी उशांना टेकलेली, तिच्या हनुवटीला पेज लागलेली. आजीनं एवढी माणसं बघितली. तिचा चेहरा उजळला.

“आज कोनं लगीन शे?” तिनं विचारलं.

सगळ्यात पुढची बाई हुंदक्याच्या मधोमध थांबली. फाटकापाशी निरोप गेला तसा तो कापडवाला माणूस कापड पाठीमागे धरून भिंतीला चिकटून उभा राहिला. मला हसू आवरेना, म्हणून मी खाली मान घालून आजीचं तोंड पुसत राहिले.

मग मुलगा आला. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. तो सबंध वाटेनं रडत आला होता हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. दारात त्यानं आईला बघितलं, आई त्याच्याकडे बघून हसली, आणि त्याचे पाय जागच्या जागी थांबले. मला वाटलं, आता आनंद होईल. पण भीती गेली की माणसाला आधी राग येतो, हे मी माझ्या आईकडून चांगलं शिकले होते.

“मन्ही माय काय भिकारीन शे का?” तो म्हणाला. “खाट ऱ्हाईसनी तिले भुईवर टाकी दिधं?” खाट असून आई भुईवर, आणि सगळं गाव ते बघत होतं. त्याला याचीच लाज वाटत असणार. मी काहीतरी उलट बोलणार, तेवढ्यात सिस्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं, की ती खाटेवरून उतरू बघते, दोनदा पडली, खाटेवर ठेवायची तर हात बांधावा लागेल. तो म्हणाला, “बांधा. पन आधी तिले वर ल्या.”

सिस्टर मला म्हणाल्या, “उचल.” मी उठले नाही. माझ्या मांडीवर पेजेची वाटी तशीच होती.

तेव्हा तो स्वतःच पुढे झाला. आईच्या पाठीखाली हात घालायला वाकला. जड माणूस, पोट आडवं येत होतं, वाकून जमेना. म्हणून तो गुडघ्यांवर आला, आणि तेही जमेना म्हणून गादीच्या कडेला फरशीवर बसला. याआधी तो यायचा तेव्हा स्टुलावर बसायचा. त्याच्या आणि आईच्या मध्ये लोखंडी कठडा असायचा. आईला त्याची हनुवटी आणि शर्टाचा खिसा दिसायचा आणि त्याला फक्त तिच्यावरचं पांघरूण. आता त्याचं डोकं तिच्या हाताजवळ आलं.

आजीनं डावा हात उचलला आणि त्याच्या केसांत घातला. आधी चाचपलं. मग लहान पोराच्या डोक्यातल्या उवा बघाव्यात तसे केस बाजूला करत करत ती मागे मानेपर्यंत गेली. तो हलला नाही. तिनं त्याचं डोकं धरून खाली ओढलं, स्वतःच्या उशीवर.

“जपी जा, बेटा,” ती म्हणाली. “दमी गया व्हशीन.”

आणि तो आडवा झाला. पायात बूट, सगळं गाव दारात उभं, आणि पन्नाशीचा तो माणूस आईच्या उशीवर डोकं टेकून फरशीवर आडवा झाला. आधी त्याचे खांदे हलत होते. मग हलायचे थांबले. मग तो खरोखरच झोपला. आजीचा हात त्याच्या डोक्यावर तसाच होता. दारातल्या बायका एकेक करून मागे सरल्या. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. खाटेवरून शेठाणी हळू आवाजात मला म्हणाल्या, “बेटा, अब दूध दे दो.”

तो उठला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यानं तोंड धुतलं, बटणं नीट लावली, सिस्टरांजवळ गेला आणि खाली बघत म्हणाला, “ऱ्हाऊ द्या तिले खालेच.” जाताना थांबून मला फक्त विचारलं, पेज कशी भरवायची. मी दाखवली.

सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी सुताराकडून फळ्यांचा एक बुटका पाट करून घेतला, फरशीचा गारवा लागू नये म्हणून, आणि गादी त्यावर अंथरली. मला म्हणाल्या, पुन्हा विचारल्याशिवाय कोणाला उतरवलंस तर तुलाच बांधून ठेवीन. मी हो म्हटलं. माझे गुडघे महिनाभर दुखले, त्यांचेही दुखले असणार. आजी मात्र सुधारली. बरी झाली नाही, सुधारली. डाव्या हातानं स्वतःला सरकवत खिडकीखाली जायची, उन्हात बसायची, परत सरकत यायची. तिच्या टाचा एकदाही लाल झाल्या नाहीत. आजी आपलं ऊन अडवते असं शेठाणींना रोज वाटायला लागलं आणि त्या तिच्याशी भांडायला लागल्या. एक हिंदीत, एक अहिराणीत, दोघींना एकमेकींचं काही कळत नसे आणि दोघी खूश.

मुलगा यायला लागला. दर रविवारी नाही, पण पहिल्यापेक्षा पुष्कळदा. दारात बूट काढायचा, खाली बसायचा, तिची हनुवटी खाली घेऊन चमच्या-चमच्यानं पेज भरवायचा. गावाकडचं कोणी नवीन आलं की पहारेकरी काका फाटकातच अडवून सांगायचे, “डोकरी खाले शे, पन चांगली शे.” त्याशिवाय आत सोडायचे नाहीत.

मग थंडीत तिच्या छातीत कफ भरला. सिस्टरांना ज्याची भीती होती तेच झालं, पाट होता तरी. मी त्यांना रडत विचारलं, माझ्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, या वयात लकव्याच्या पेशंटचं असंच होतं, खाटेवरही झालं असतं. त्या खोटं बोलत नसत, म्हणून मी त्यांचं ऐकलं. तरी मला अजून अधूनमधून ते वाटतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि मुलाला सांगितलं की आता हलवण्यात अर्थ नाही. तो दोन दिवस तिथंच होता. चुलत सून आली, गावाकडच्या बायका आल्या. सकाळची वेळ होती, खोलीत ऊन आलेलं. आजीचा श्वास लांबायला लागला. एक यायचा, मग आपण वाट बघत राहायचं, मग दुसरा यायचा. एक म्हातारी बाई म्हणाली, “चला, आते तिले खाले ल्या.”

सगळ्यांनी खाली बघितलं. आजी खालीच होती.

कोणाला काय करावं सुचेना. माणूस जात असताना आपल्या हातून काहीतरी व्हायला हवं असतं, आणि यांच्याकडे करायचं होतं ते कधीच होऊन गेलं होतं. चुलत सून माझ्याकडे बघत होती, मीच ते खाली घेणं आधी वापरून टाकल्यासारखी. मुलगा आईच्या बाजूला गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांवर, रिकामे. त्यानं माझ्याकडे तोंड वर करून विचारलं, “सिस्टर, आते काय करानं?”

मला कोणीच शिकवलं नव्हतं. ना त्या वर्गात, ना आमच्या गावात. मी म्हटलं, “दादा, तुम्ही तिला वर घ्या.”

त्याला कळलं नाही. मी आजीच्या खांद्यांखाली एक हात घातला, मानेखाली दुसरा, आणि तिला हळूच उचललं. ती फार हलकी झाली होती. तो मांडी घालून पुढे सरकला आणि मी तिचं डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं तिचं कपाळ पुसलं, केस मागे सारले, मग केसांतून बोटं फिरवायला लागला. म्हातारी बाई म्हणाली, “हं. असं.”

मी आजीचं मनगट धरून बसले होते. श्वास आला, गेला. मग आम्ही वाट बघितली. माझ्या बोटांखाली काहीच उरलं नाही तेव्हा मला कळलं, पण त्याला कळलं नव्हतं. तो खाली वाकून तिच्याशी काहीतरी हळू बोलत होता, आणि त्याचा हात तिच्या केसांतून फिरत होता. तो हात थांबेपर्यंत मी कोणाला काही सांगितलं नाही.